मीठ लावलेला बर्फ

बर्फाला मीठ लावावं ते आमच्या बाबांनीच, असं मिरकरवाड्याच्या जेटीवर म्हणायचे. मासळीची पेटी मुंबईला जायची असली की तळाला भाताचा तूस, त्यावर फोडलेला बर्फ, त्यावर मासळी, पुन्हा बर्फ, आणि प्रत्येक थरावर जाडं मीठ. मीठ किती, ते बाबांच्या मुठीला ठाऊक. मीठ लागलं की बर्फाचा गारठा वाढतो आणि सुरमई लाकडासारखी ताठ होऊन मुंबईच्या बाजारात उतरते, यात त्यांना मोठा अभिमान. दोरखंडाचा फास बसून त्यांचा एक पाय अधू झाला होता, त्यामुळे समुद्र सुटला होता. सकाळी पडवीत बसून लोकांची जाळी सांधायची आणि दुपारी जेटीवर पेट्या भरायच्या, हा त्यांचा दिवस. हातांना मिठाच्या चिरा कायमच्या. मी पुढं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं गोठवणीच्या कपाटांशी संसार केला. निवृत्तीच्या दिवशी तिथल्या पोरांनी विचारलं, मॅडम, तुम्ही याच विषाणूकडे कशा वळलात? मी काहीतरी शोभेलसं उत्तर दिलं. खरं सांगायचं तर मिठापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तोवर सगळ्यांचा चहा निवला असता.

आमचं घर जेटीपासून हाकेच्या अंतरावर होतं. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि पडवीत माणसाला बसायला जागा नसेल इतकी जाळी. पहाटे होड्यांची यंत्रं फटफटायला लागायची, मग कोळणींचा आरडाओरडा, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, असा सगळा क्रम ठरलेला. आई जेवणात कुणाला बोलू द्यायची नाही. मासा खाताना बोलणाऱ्याच्या घशात काटा अडकतो यावर तिचा गाढ विश्वास, त्यामुळे आमच्या घरातली सगळी भांडणं हात धुतल्यावर सुरू व्हायची. मी बी.एस्सी. होऊन गावातल्या एका वयस्क डॉक्टरांच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायच्या कामाला लागले होते. माझ्या अंगाला डेटॉलचा वास आणि घराला सुकटीचा, म्हणून मी घरात शिरले की आई नाक मुरडायची. तिला सुकटीचा वास येतच नसे.

माझा भाऊ गजानन परदेशी जाणाऱ्या मालवाहू जहाजावर खलाशी होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो, आई गजा म्हणायची. वर्षातले दहा महिने तो पाण्यावर असे. जहाजावरून उतरून आलेल्या माणसानं घरचा पहिला घास एकट्याच्या ताटात घ्यायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. आई फडताळावरची मोठी पितळी परात काढायची, त्यात भाताचा ढीग, मधोमध आळं करून बांगड्याचं तिखलं ओतायची, आणि आम्ही चौघं चार बाजूंनी बसायचो. समुद्रावर माणूस एकेकटा जेवतो, ते एकटेपण परातीत मोडायचं, असं ती म्हणे. दादा नेहमी माझ्या बाजूचा माशाचा तुकडा पळवायचा आणि मी त्याच्या हातावर फटका मारायची. इतक्या परातींतून जेवून कुणाला काही झालं नाही.

त्या वर्षी दादा आला तो पौषात, ठरल्या वेळेच्या दोन महिने आधी. शिमग्यानंतर त्याचं लग्न ठरलेलं. मुलगी बुरोंडीची, सुलभा नावाची, दापोलीला शाळेत शिकवायला जाणारी. लग्नासाठी लवकर सुटला असेल म्हणून आई खूश. दादानं पिशवीतून साबण काढले, बाबांना बॅटरी दिली, आणि मला मागल्या दारी विहिरीकडं नेऊन एक लिफाफा हातात ठेवला. कंपनीच्या डॉक्टरानं सगळ्या खलाशांचं रक्त घेतलं होतं. दादाच्या रक्तात एड्सच्या विषाणूची खूण दिसते, पण पहिली चाचणी कधीकधी चुकते, तरी पक्क्या चाचणीसाठी पुन्हा रक्त पाठवावं आणि तोवर घरी राहावं, असं त्यात लिहिलं होतं. तो म्हणाला, तू वाच आणि घरात सांग, माझ्याच्यानं व्हायचं नाही. कुठलं बंदर, कोण, केव्हा, हे मी त्याला विचारलं नाही. पुढंही कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही असं मात्र म्हणणार नाही.

मी घरात सांगितलं. त्या काळी एड्स म्हणजे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली बातमी, मुंबईतल्या बदनाम गल्ल्यांतली, नाहीतर अमेरिकेतली. आई ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिनं फडताळावरून काढलेली परात पुन्हा वर ठेवली. दादाला वेगळं ताट, वेगळा पेला मिळाला, आणि ताटाच्या काठावर आईनं खिळ्यानं एक ओरखडा मारून ठेवला, चुकून दुसऱ्यात मिसळू नये म्हणून. मला माहिती होती, आणि माहितीचा ताठाही होता. डॉक्टरांकडे परदेशी मासिकांचे जुने अंक येत, त्यातला एक मी तीनदा वाचला होता. मी आईला समजावलं की हा विषाणू ताटावर, पेल्यावर, हवेत जगत नाही. त्याला रक्तातल्या एका ठरावीक पेशीतच शिरता येतं, कारण त्या पेशीच्या अंगावर एक कडी असते, आणि याच्या अंगावरचा आकडा त्याच कडीत बसतो. भातातून पोटात गेला तर त्याला कुठली कडी मिळणार? आईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुला कळतंय तां खरां असंल, बाय. पन माज्या हाताला कळत नाय."

मला तेव्हा तिचा राग आला. आज येत नाही, कारण माझ्या हाताचं काय झालं ते पुढच्याच आठवड्यात दिसलं. रक्त घ्यायचं ठरलं. मुंबईला जाऊन दे म्हटलं तर दादा तयार होईना, तिथं पावलापावलाला जहाजावरची ओळखीची माणसं. तेव्हा डॉक्टरांच्या मुंबईतल्या एका मित्राच्या प्रयोगशाळेत मासळीच्या ट्रकनं नमुना पाठवायचा असं ठरलं. नेहमी आम्ही रक्त यंत्रात फिरवून वरचं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, वेगळं काढत असू. पण यंत्र आठवडाभर बंद होतं, आणि नळी नुसती ठेवून सीरम सुटेपर्यंत थांबायला ट्रकला वेळ नव्हता. डॉक्टर म्हणाले, आहे तसं रक्त जाऊ दे, गार ठेव, पण बर्फासारखं गोठू देऊ नकोस, गोठलं की पेशी फुटतात आणि सगळं वाया जातं. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी शेकडो लोकांच्या नळ्या हाताळल्या होत्या. दादाची नळी मात्र मी हातमोज्यांचे दोन जोड एकावर एक घालून धरली, आणि ती भरल्या क्षणापासून माझ्या मनात एकच होतं, ही एकदाची माझ्या हातून जाऊ दे.

जेटीवर बाबा लहान पेटी घेऊन तयार होते. त्यांनी विचारलं, "किती गार ठेवायचां, बाय?" मला तिथं उभंही राहवत नव्हतं. ट्रकवाला भोंगा वाजवत होता, दोन कोळणी टोपल्या टेकून काय चाललंय ते बघत होत्या, आणि घरचा विषय चारचौघांत बोलायची लाज. मी म्हटलं, "जितकां गार तितकां बरां," आणि नळी त्यांच्या हातात देऊन मागं वळले. बाबांनी जन्मात इतक्या काळजीनं पेटी भरली नसेल. ती मुंबईत उघडली तेव्हासुद्धा बर्फ शिल्लक होता म्हणे.

मग वाट बघणं सुरू झालं. अठरा दिवस. इतकी वर्षं मी प्रयोगांच्या निकालांची वाट बघत जगले, पण तसलं थकणं पुन्हा आलं नाही. काम काही वाढलेलं नव्हतं, तरी घरातले सगळे सकाळी उठायचे तेच दमलेले. दादा दिवसभर माजघरात पडून असायचा. आंब्यांना मोहोर आला होता, मुलीकडून कोणी ना कोणी निरोप घेऊन यायचं, हळदीचं काय, मांडवाचं काय, आणि आई हसून उत्तरं द्यायची आणि ते गेले की चुलीपुढं डोकं धरून बसायची. दादाचं ताट ती राखेनं तीनतीनदा घासायची. भांड्याचा तो आवाज मला अजून सहन होत नाही. घरी कामाला येणाऱ्या बाईंना मी सांगून ठेवलंय, घासणी कुठलीही वापरा, पण राख नको.

त्या दिवसांत बोलायला काय ते बाबाच होते. मी लॅबमधून आले की त्यांच्याजवळ पडवीत बसायची. एकदा त्यांनी सुई थांबवून विचारलं, यावर औषधच नाही का. मी सांगितलं, एक निघालंय, परदेशात. कसं चालतं म्हणाले. मासिकात वाचलेलं मला धड मराठीत सांगता येईना, तेव्हा मी त्यांच्याच मांडीवरचं जाळं पुढं ओढलं. हा विषाणू पेशीत शिरला की स्वतःसारखी एक लांब साखळी विणतो, गाठीला गाठ लावून. औषध त्याला खोटा धागा पुरवतं. धागा दिसायला खऱ्यासारखाच, गाठही बसते, पण पुढं टोकच नसतं, म्हणून त्यापुढची गाठ मारता येत नाही आणि जाळं तिथंच अडतं. बाबा बराच वेळ आपल्या हातातल्या गाठीकडं बघत राहिले. मोठमोठ्या सभांत मी पुढं हेच चित्र दाखवून सांगितलं, पण इतक्या पटकन समजलेला माणूस मला भेटला नाही. मग त्यांनी विचारलं, असा धागा रत्नागिरीत कुठं मिळतो. मी म्हटलं, रत्नागिरीत नाही, मुंबईतही नाही, आणि जिथं मिळतो तिथंही विषाणू काही दिवसांनी ती फसवणूक ओळखतो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सुई हातात घेतली.

एकोणिसाव्या दिवशी डॉक्टरांच्या लॅबवर कागद आला, तो मी संध्याकाळी घरी नेला. नमुना गोठून खराब झाला आहे, चाचणीस अयोग्य, पुन्हा पाठवावा. तो वाचताच मला कळलं काय झालं ते. पेटी, बाबांची मूठ, मीठ, आणि माझं ते घाईचं वाक्य. मी कागद वाचून दाखवला तो खालच्या मानेनं. आणि मग घरात जे झालं त्याची मी कल्पनाच केली नव्हती. आईनं देवापुढं साखर ठेवली. तिच्या हिशेबी सुटका झाली होती. कागदावर काही नाही म्हणजे अंगात काही नाही, देवानंच रक्त खराब केलं, आता पुन्हा खणायला जाऊ नका, लग्न उरकून घ्या. दादा भिंतीला टेकून ऐकत होता. तो मूर्ख नव्हता. पण अठरा दिवस न झोपलेल्या माणसाला कुणी उशी दिली तर तो ती उसवून आत काय आहे ते बघत नाही. तो म्हणाला, आई म्हणते तसं करूया, मी आता पुन्हा रक्त देणार नाही.

बुरोंडीची सुलभा मी एकदाच पाहिली होती, साखरपुड्याला. तिनं मला विचारलं होतं, लॅबमध्ये रक्ताची भीती नाही वाटत का. तिचा तो चेहरा माझ्यासमोर उभा राहिला. मी बोलायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं की हे देवानं केलेलं नाही, माझ्या हलगर्जीपणानं झालंय, कागदाला काही अर्थ नाही, आणि असं लग्न लावलंत तर त्या मुलीच्या रक्तात हेच जाईल. अर्धं तरी बोलायला हवं होतं. पण चूक कबूल केल्याशिवाय पुढचं बोलता येईना, आणि चूक कबूल करायला माझी जीभ उचलेना. बी.एस्सी. झालेली मी, घरात सगळ्यांना शहाणपण शिकवणारी. मी कागदाची घडी करत बसले.

बाबा पडवीतून पाय ओढत आत आले. आईच्या पुढ्यातली साखरेची वाटी त्यांनी बाजूला सरकवली आणि दादासमोर खाली बसले. "द्येवान काय केलां नाय. मीठ माजां," ते म्हणाले. "सवयीनं टाकलां. मासळी समजून तुजां रगात गोठवलां मी. माजी चूक हाय, गजा. येकडाव परत दे." दादा म्हणाला, आणि त्यातून वाईटच निघालं तर? बाबा म्हणाले, "निगंल. पन त्या पोरीच्या बापासमोर मला उबं ऱ्हायाचां हाय."

आई त्यांच्यावर फार ओरडली. दरिद्री सवयी, अक्कल नाही, पोराच्या जिवाशी खेळ, जे तोंडाला येईल ते. बाबा खाली मान घालून ऐकत राहिले, आणि मीही ऐकत राहिले. दादानं त्यांच्या हाताकडं पाहिलं, मिठानं चिरलेल्या, आणि सदऱ्याची बाही वर केली. या खेपेला मी हातमोज्यांचा एकच जोड घातला. यंत्र अजून बंदच होतं, म्हणून नळी लॅबमध्ये अर्धा दिवस नुसती उभी ठेवली, वर पिवळं पाणी सुटलं ते अलगद काढलं, आणि बाबांपाशी बसून त्यांना सगळं समजावलं, किती गार, का, आणि मीठ का नको. त्यांनी बिनमिठाच्या बर्फात मनगट खुपसून अंदाज घेतला आणि मगच पेटी बंद केली.

दुसरा कागद दहा दिवसांत आला. त्यात शंकेला जागा नव्हती. डॉक्टरांनी दादाला समोर बसवून सगळं नीट सांगितलं, काय जपायचं, किती जगता येईल ते कुणालाच सांगता येत नाही. त्या दुपारी आईनं परात खाली काढली. भात, कुळथाचं पिठलं, तळलेले बांगडे. आम्ही चौघं चार बाजूंनी बसलो. आईच्या हाताला कसं आणि केव्हा कळलं, ते मला माहीत नाही, मी विचारायचं धाडस केलं नाही. दादानं माझ्या बाजूचा तुकडा उचलला, मी नेहमीसारखा फटका मारला, आणि मारल्यावर आम्हा दोघांनाही रडू आलं. ओरखड्याचं ताट आईनं पुढं कोंबड्यांना कोंडा घालायला घेतलं.

दादा स्वतः बुरोंडीला गेला. रोगाचं नाव त्यानं घेतलं नाही. मलाच लग्न करायचं नाही, तुमच्या मुलीत काही खोट नाही, एवढंच सांगितलं आणि शिव्याशाप घेऊन परत आला. दोन वर्षांनी सुलभाचं लग्न मुरुडला झालं. आज तिला नातवंडं आहेत असं ऐकते. आमच्या घराबद्दल ती अजून कडवट बोलते, आणि ते योग्यच आहे. दादा पुढं सहा पावसाळे जगला. शेवटच्या दोन वर्षांत त्याला घास जाईना, तोंड आतून सोललेलं असे, पेजसुद्धा आई थेंबाथेंबानं भरवायची, उघड्या हातानं. मी तोवर पुण्याला गेले होते. येताना दर वेळी नवं काही निघालं का म्हणून तो माझ्या तोंडाकडं बघायचा, आणि मी दर वेळी पिशवीतून बिस्किटं काढायची.

तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आपल्याकडं ती औषधं स्वस्त झाली, दोनतीन मिळून एकत्र द्यायची. एक खोटा धागा पुरवतं, दुसरं गाठ मारणारा हातच धरतं, आणि सगळ्यांना एकदम चुकवणं विषाणूला जमत नाही. आमच्या इथं खाटेवर आणलेली माणसं महिन्याभरात चालत जाताना मी पाहिली. मी घरी गेले, आई तेव्हा हयात नव्हती, बाबा एकटेच पडवीत जाळं घेऊन बसले होते. नजर गेली होती, बोटांनी चाचपून सांधत होते. मी त्यांना औषधाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, कोणाकोणाची पोरं जेवतील. मग मला राहवेना. मी म्हटलं, बाबा, त्या वेळी गोठू देऊ नको म्हणून डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी होती.

"ठाव हाय," ते म्हणाले. "कागुद आला त्या दुपारीच डाक्टर जेटीवर येऊन मला बोलले हुते."

मी विचारलं, मग तेव्हा तुम्ही स्वतःवर का घेतलंत, आईच्या शिव्या का खाल्ल्यात. त्यांनी जाळ्यातलं भोक बोटानं शोधलं. "परत रगात काडायचां तां कोनी? तूच. तुजी चूक म्हटली असती, तर गजानं तुला परत हात लावू दिला असता? मंग त्या पोरीचां काय झालां असतां?" मग एका बाजूनं जाळं सैल पडत होतं, तर ते माझ्याकडं सरकवून म्हणाले, टोक धर. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि टोक धरलं.